स्वस्त गाडी, महाग रस्ता

पनवेल हे एके काळी चाकांचे गाव होते. खाडीत लागणारी गलबते, घाटावरून उतरणाऱ्या बैलगाड्या आणि या दोहोंच्या मध्ये उभी असलेली आपल्या व्यापाऱ्यांची दुकाने, अशी या गावाची घडण. ब्रिटिश अमदानीतील गॅझेटियरमध्येही पनवेलच्या उद्योगांत गाडीची चाके बनवण्याच्या कामाचा उल्लेख सापडतो. आता ती गलबते नाहीत आणि ते सुतारही नाहीत. परंतु २६ मे १९८९ रोजी शेजारच्या उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि जगाचा व्यापार पुन्हा आपल्या वेशीपाशी आला. रात्रंदिवस कंटेनरची रांग डोळ्यांसमोरून जात असली, की परदेशातील बाजार आपल्या परसातच आहे असे तरुणांना वाटू लागते. गेल्या दिवाळीपूर्वी माझ्या भाच्यालाही तसेच वाटले.

त्याचे पनवेलच्या जुन्या बाजारपेठेत धान्य-किराण्याचे दुकान आहे. कामोठे, खारघर, कळंबोली येथील गृहसंकुलांत घरपोच माल पाठवण्याचे काम अलीकडे वाढले आहे. भाड्याच्या टेम्पोवर महिन्याकाठी होणारा खर्च त्याला खुपत होता. एके दिवशी संध्याकाळी तो घरी आला, जय जिनेंद्र करून बसला आणि त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला. पडद्यावर एक तीनचाकी होती. पुढून मोटारसायकल, तसेच हँडल, तशीच बैठक. मागे मात्र दोन चाकांवर लोखंडी हौदा. चीनमधील एक विक्रेता ती अकराशे-साडेअकराशे डॉलरला, म्हणजे रुपयांत साधारण लाखभराला, देऊ करीत होता.

“मामा, इथल्या गाडीच्या निम्म्यानेही किंमत नाही. सहा गाड्या एका कंटेनरमध्ये येतात. दोन मी ठेवतो, चार मित्रांना देतो. माझ्या दोन फुकटात पडतील,” तो म्हणाला. तीस टक्के रक्कम आगाऊ पाठवायची होती, आणि तीही चार दिवसांत, कारण त्यानंतर भाव वाढणार होता.

पैसे कोठून आणणार, असे मी विचारले. तो क्षणभर थांबला. “आईची मुदत ठेव आहे ना,” तो हलकेच म्हणाला.

ती ठेव मला चांगली ठाऊक होती. माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान गेल्यावर त्यांच्या विम्याची आलेली रक्कम मीच तिच्या नावे ठेवून दिली होती. तिच्या व्याजावर तिचा औषधपाण्याचा खर्च चालतो. म्हणून हा केवळ गाडीचा प्रश्न राहिला नाही. मी त्याला चार दिवस मागून घेतले. त्या चार दिवसांत आम्ही दोघांनी जे पाहिले व जी आकडेमोड केली, ती आपल्या अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हा लेख लिहीत आहे.

एक जुनी चूक

त्याच्या प्रश्नाला लगेच उत्तर न देण्याचे एक कारण माझ्या नोकरीच्या काळातले आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी बँकेच्या एका शाखेत परकीय चलनाचे काम पाहत असे. आमचे एक खातेदार तांदळाच्या गिरणीचे मालक होते. सचोटीचे गृहस्थ, एकही हप्ता चुकवलेला नाही. त्यांनी अशाच तीनचाकी गाड्या मागवायचे ठरवले. कोणा मध्यस्थाने त्यांना सांगितले, की गाडी अखंड आणू नका, सुट्या भागांच्या पेट्या करून आणा, म्हणजे शुल्क कमी बसेल आणि वाहनाचे नियमही लागणार नाहीत. त्यांनी माझ्याकडे कागद आणले. बीजक होते, आयात-निर्यात संकेतांक होता, अर्ज नीट भरलेला होता. मी कागद तपासले, सही केली आणि पैसे गेले.

माल बंदरात उतरला आणि तेथेच अडकला. सीमाशुल्काच्या वर्गीकरणाचा एक जुना, जगभर मान्य असलेला नियम आहे. एखादी वस्तू सुटी करून आणली, तरी तिचे भाग जोडून मूळ वस्तू तयार होत असेल, तर ती पूर्ण वस्तूच समजली जाते. पेट्यांत काय होते हे उघडल्यावर कोणालाही दिसत होते. तपासणी, सुनावणी आणि दंड यांत महिने गेले. रोजचे गोदामभाडे चढत राहिले. अखेर दंड भरून पेट्या सुटल्या, गाड्या जोडल्या गेल्या. पण परिवहन कार्यालयात त्यांची नोंदणी होण्याजोगा एकही कागद नव्हता. त्या गाड्या गिरणीच्या आवारात पोती हलवण्यापुरत्या उरल्या. फाटकाबाहेर त्यांना जाता येत नव्हते.

त्या गृहस्थांनी मला कधी दोष दिला नाही. “साहेब, तुमचे काम तुम्ही बरोबर केले,” असेच ते म्हणत. तेच वाक्य मला आजवर टोचत आले आहे. माझे काम खरोखरच बरोबर होते. परंतु “ही गाडी रस्त्यावर चालेल का?” हा साधा प्रश्न मी त्यांना विचारला नव्हता. बँकेच्या तक्त्यात त्या प्रश्नासाठी रकानाच नव्हता.

“फिरोदियांनीही गाडी आयातच केली होती ना?”

हे सारे ऐकून भाचा म्हणाला, “मामा, ते चुकीच्या वाटेने गेले. मी सरळ वाटेने आणीन. आणि आपल्या फिरोदियांनी तरी काय केले? परदेशातून तीनचाकी आणूनच त्यांचा धंदा उभा राहिला ना?”

प्रश्न रास्त होता. अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नवलमल कुंदनमल फिरोदिया हे आपल्या समाजातील नाव प्रत्येक घरात आदराने घेतले जाते. त्यांचे वडील कुंदनमलजी मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते आणि स्वतः नवलमलजी स्वातंत्र्यलढ्यात कारावास भोगून आलेले. माणसाने माणसाला ओढून नेण्याची हातरिक्षा त्या पिढीच्या मनाला सलत होती. इटलीतील पियाज्जिओ कंपनीने दुसऱ्या महायुद्धानंतर ‘आपे’ नावाची छोटी तीनचाकी मालगाडी काढली होती. इटालियन भाषेत ‘आपे’ म्हणजे मधमाशी. तशी गाडी मागवून तिच्यावर माणसे बसवण्याची सोय करावी, ही कल्पना फिरोदियांनी उचलली आणि तयार झालेली रिक्षा तेव्हाचे मुंबई प्रांताचे गृहमंत्री मोरारजी देसाई यांना दाखवली. त्यातून या देशात ऑटोरिक्षाचा मार्ग मोकळा झाला.

परंतु या कथेचा क्रम नीट पाहावा, असे मी भाच्याला म्हटले. फिरोदियांनी आधी गाडी विकत घेऊन मग परवानगीसाठी धावाधाव केली, असे घडले नाही. एक नमुना आणला, तो येथील रस्त्याला व येथील माणसाला जुळवून घेतला, शासनाला दाखवला आणि मग व्यापार झाला. पुढेही हाच क्रम राहिला. १९४५ साली स्थापन झालेल्या बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशनने १९४८ पासून आयात केलेल्या दुचाकी व तीनचाकी गाड्या विकण्यास प्रारंभ केला. त्याच कंपनीला १९५९ मध्ये त्या येथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि तीच पुढे बजाज ऑटो झाली. १९५८ साली फिरोदियांनी जर्मनीच्या ‘टेम्पो’ कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची उभारणी केली. तिची ‘हॅन्सिट’ ही तीनचाकी मालगाडी इतकी रूढ झाली, की आपण आजही कोणत्याही छोट्या मालगाडीला ‘टेम्पो’ म्हणतो. २००५ पासून ही कंपनी फोर्स मोटर्स या नावाने ओळखली जाते.

ज्या पियाज्जिओची गाडी एके काळी समुद्रापलीकडून आणावी लागली, तिची आपे आज बारामतीत तयार होते. बजाजच्या तीनचाकी गाड्या आशिया, आफ्रिका व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांत धावतात. म्हणजे तीनचाकीच्या बाबतीत आपण आज ग्राहक कमी आणि विक्रेते अधिक आहोत. अशा देशात परदेशी तीनचाकी आणायची, तर स्वस्ताई हे एकच कारण पुरेसे ठरते का, हा खरा प्रश्न होता.

लाखाचे दोन लाख कसे होतात

आपल्या पेढ्यांवर शिकवले जाते, की कमाई विकताना नव्हे, घेताना होते. ते खरे आहे. मात्र ‘घेणे’ कोठे संपते हे कळले पाहिजे. विक्रेत्याने सांगितलेला भाव ‘एफओबी’ होता. म्हणजे तिकडच्या बंदरात माल जहाजावर चढेपर्यंतचा खर्च त्याचा. त्यापुढील जहाजभाडे, विमा व सारी जोखीम आपली. ‘सीआयएफ’ भावात जहाजभाडे व विमा धरलेला असतो. सीमाशुल्क आकारताना भाडे व विम्यासह येणारी किंमतच धरली जाते. भाड्याचा पुरावा नसेल, तर समुद्रमार्गे आलेल्या मालासाठी एफओबी किमतीच्या २० टक्के भाडे आणि विम्याचा पुरावा नसेल, तर १.१२५ टक्के विमा गृहीत धरण्याची तरतूद मूल्यांकनाच्या नियमांत आहे.

आम्ही कागद घेऊन बसलो. भाडे व विमा मिळून गाडी १,२०,००० रुपयांना पडते असे धरले. शुल्काचे दर अर्थसंकल्पागणिक बदलतात, म्हणून केवळ हिशोबाची रीत समजण्यासाठी मूळ सीमाशुल्क ४० टक्के मानले. ते झाले ४८,००० रुपये. या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे ४,८००. येथवर बेरीज १,७२,८००. आता या बेरजेवर एकात्मिक वस्तू व सेवा कर. तीनचाकी गाड्यांवरील हा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्के झाला आहे. त्याप्रमाणे ३१,१०४ रुपये. एकूण २,०३,९०४. गाडी अजून बंदरातच आहे आणि लाखाचे दोन लाख झाले आहेत.

नोंदणीकृत व्यापाऱ्याला मालवाहू गाडीवर भरलेला वस्तू व सेवा कर पुढे वळता करून घेता येतो, हे खरे. परंतु तोवर ती रोकड अडकून राहते. आणि मूळ शुल्क व अधिभार यांचा परतावा मिळत नाही. शिवाय कराच्या त्याच कपातीमुळे येथे तयार होणारी गाडीही स्वस्त झाली आहे, हे भाच्याने आपल्या तुलनेत धरलेच नव्हते.

पुढे वर्गीकरणाचा प्रश्न येतो. मोटारसायकलींचे शीर्षक ८७११, माणसे वाहणाऱ्या गाड्यांचे ८७०३ आणि माल वाहणाऱ्यांचे ८७०४. पुढून मोटारसायकल आणि मागून मालगाडी अशा वाहनाला कोणते शीर्षक लागेल, हे विक्रेत्याच्या बीजकावर लिहिलेल्या नावावरून ठरत नाही. गाडीच्या रचनेवरून ठरते. शीर्षक बदलले, की दरही बदलू शकतो.

मग वेळेचा हिशोब. जहाज येण्याच्या दिवसाच्या आदल्या दिवसाअखेर ‘बिल ऑफ एंट्री’ दाखल करायचे असते. उशीर झाला, तर पहिल्या तीन दिवसांसाठी रोज ५,००० रुपये आणि त्यानंतर रोज १०,००० रुपये विलंबशुल्क. त्याखेरीज दोन निरनिराळी भाडी सुरू होतात. कंटेनर ठरलेल्या दिवसांपेक्षा अधिक अडकवून ठेवल्याबद्दल जहाज कंपनीचे एक, आणि माल जागा अडवून बसल्याबद्दल कंटेनर फ्रेट स्टेशनचे दुसरे. अशी स्टेशने आपल्या पनवेल-उरण रस्त्याच्या आसपासच आहेत. घराजवळ माल पडला आहे म्हणून भाडे कमी लागत नाही. तीस दिवसांत माल सोडवला नाही, तर नोटीस देऊन तो विकण्याची तरतूदही सीमाशुल्क कायद्यात आहे.

रस्त्याचा हक्क

भाचा जिद्दी आहे. त्याने आकडे पुन्हा मांडले. “दोन लाख दहा हजार धरले, तरी विचार करता येईल,” तो म्हणाला. तेव्हा मी त्याला तोच प्रश्न विचारला, जो मी पूर्वी एकदा विचारायला विसरलो होतो. ही गाडी रस्त्यावर चालेल का?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे नोंदणीवाचून कोणतेही वाहन सार्वजनिक जागी चालवता येत नाही. पनवेलच्या परिवहन कार्यालयाचा ‘एमएच ४६’ हा क्रमांक मिळवायचा, तर अर्जासोबत विक्रीचा दाखला, गाडी नियमानुसार रस्त्यास योग्य असल्याचा उत्पादकाचा दाखला, विमा आणि आयात गाडी असल्यास सीमाशुल्काचा मुक्तता दाखला लागतो. यातील प्रत्येक कागदाच्या मुळाशी आणखी एक कागद असतो, तो म्हणजे गाडीच्या नमुन्याच्या मान्यतेचा.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे प्रत्येक नमुन्याची ठरावीक संस्थेकडून परीक्षा व्हावी लागते. अशा संस्थांपैकी तीन तर आपल्या महाराष्ट्रातच आहेत : पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन, भोसरीची केंद्रीय सडक परिवहन संस्था आणि अहिल्यानगरची वाहन संशोधन व विकास आस्थापना. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, चौकटीची मजबुती हे सारे तेथे पाहिले जाते. पेट्रोल-डिझेलच्या गाडीला १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेले ‘भारत स्टेज सहा’ हे प्रदूषणाचे मानक पाळावे लागते. विजेवरील गाडी असेल, तर बॅटरीच्या सुरक्षिततेचे ‘एआयएस १५६’ हे मानक आहे. ताशी २५ किलोमीटरच्या आतील, ३१० किलोपर्यंत माल नेणाऱ्या ई-कार्टचा वर्ग निराळा आहे. पण त्यालाही मान्यतेवाचून सुटका नाही.

परकीय व्यापार धोरणातील अटी याहून आधीच्या टप्प्यावर लागू होतात. नवी गाडी ज्या देशात बनली तेथूनच आली पाहिजे; ती पूर्वी विकलेली वा नोंदलेली नसावी; वेगमापक किलोमीटरमध्ये असावा; समोरचा दिवा डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला अनुकूल असावा; आणि नियम १२६ खालील अनुपालन प्रमाणपत्र आयातीच्या वेळीच हाती असावे. गाडी आधी आणू आणि परीक्षा मागाहून करू, अशी ही वाट नाही. न्हावा-शेवा हे नव्या गाड्यांच्या आयातीसाठी ठरवून दिलेल्या बंदरांपैकी एक आहे, एवढीच काय ती आपल्या जवळपणाची सोय. जुनी गाडी आणायची, तर अटी आणखी कडक आहेत. ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही.

येथे स्वस्ताईचे गणित मुळातूनच उलटते. नमुन्याच्या परीक्षेचा खर्च सहा गाड्यांसाठीही तोच आणि साठ हजार गाड्यांसाठीही तोच. मोठा उत्पादक तो हजारो गाड्यांवर पसरवतो, त्यामुळे एकेका गाडीवर त्याचा भार नगण्य पडतो. सहा गाड्या आणणाऱ्याला तो सहांवरच वाटावा लागतो. येथील गाडीची किंमत अधिक दिसते, ती केवळ लोखंडाची आणि इंजिनाची नसते. तिच्यात रस्त्याचा हक्क आधीच भरलेला असतो. परदेशी विक्रेत्याच्या भावात तेवढाच नसतो.

हा हक्क म्हणजे केवळ पोलिसाने अडवण्यापुरती गोष्ट नव्हे. नोंदणी नसलेल्या गाडीने कोणाला धक्का दिला, तर भरपाईचा बोजा थेट मालकाच्या घरावर येतो. गाडीचे स्वतःचे नुकसान झाले, तरी विमा कंपनी हात वर करू शकते. सार्वजनिक रस्त्यावर नोंदणीवाचून गाडी चालवणे हा विमा कराराचा मूलभूत भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मधील एका निकालात म्हटले आहे. ज्या ठेवीवर बहिणीची औषधे चालतात, ती एका अपघातात संपली असती.

मला त्या गाडीची निंदा करायची नाही. चीनमधील चोंगचिंग, लुओयांग यांसारखी शहरे अशा गाड्यांच्या निर्मितीसाठी प्रसिद्ध आहेत आणि आफ्रिकेतील व लॅटिन अमेरिकेतील असंख्य छोट्या व्यापाऱ्यांचा संसार त्यांच्यावर चालतो. तेथील नियमांत त्या बसतात, तेथे त्यांचे सुटे भाग मिळतात, त्या दुरुस्त करणारे हात असतात. आपल्याकडे क्लचची एक तार तुटली, तर ती कोणत्या दुकानात मिळेल, हे भाच्याला सांगता आले नाही.

पैसा पाठवण्यापूर्वी

शेवटी राहिला माझ्या जुन्या व्यवसायाचा भाग. आगाऊ रक्कम एकदा तारेने गेली, की ती परत आणण्याचा अधिकार बँकेला नसतो. उलट त्या पैशांच्या बदल्यात माल देशात आल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी आयातदारावर पडते. रिझर्व्ह बँकेच्या संगणकीय प्रणालीत प्रत्येक रक्कम बिल ऑफ एंट्रीशी जुळवली जाते. विक्रेता नाहीसा झाला, तरी आपल्या नावावरची नोंद नाहीशी होत नाही.

पतपत्र, ज्याला आपण ‘एलसी’ म्हणतो, ते याहून सुरक्षित. ठरलेली कागदपत्रे आल्याखेरीज बँक पैसे देत नाही. परंतु त्याचीही मर्यादा समजून घ्यावी. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाचे ‘यूसीपी ६००’ हे नियम १ जुलै २००७ पासून जगभर वापरात आहेत. त्यांचे पाचवे कलम सांगते, की बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. नोकरीत असताना हे कलम मी अनेकांना समजावून सांगितले आणि त्याच्या आडोशाला निश्चिंत बसलो. गिरणीच्या आवारातील त्या गाड्या पाहिल्यानंतर त्याचा दुसरा अर्थ उमगला. बँक माल पाहणार नसेल, तर तो पाहण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नाही, आपलेच आहे. म्हणून पतपत्रात तटस्थ तपासणी संस्थेचा दाखला आणि नमुना-मान्यतेची प्रत ही कागदपत्रे सक्तीची करून घ्यावीत. मध्येच ई-पत्र येऊन विक्रेत्याचे खाते बदलल्याचे कळवले गेले, तर पूर्वीपासून ठाऊक असलेल्या क्रमांकावर बोलून खात्री केल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नये.

चौथ्या दिवशी भाच्याने विक्रेत्याला पत्र लिहिले. मी फक्त शेजारी बसलो. त्याने पाच गोष्टी विचारल्या. या नमुन्याला भारतातील मान्यतेचे प्रमाणपत्र आहे का? कोणत्या संस्थेचे? भाव एफओबी की सीआयएफ, आणि त्यात नेमके काय येते? भारतात सुटे भाग कोण पुरवतो? आगाऊ रकमेऐवजी पतपत्र चालेल का?

उत्तर त्याच रात्री आले. अतिशय नम्र होते. प्रमाणपत्र म्हणून जे जोडले होते, ते कारखान्याच्या गुणवत्ता-व्यवस्थापनाचे होते. गाडीच्या मान्यतेचे नव्हते. पतपत्र त्यांना सोयीचे नव्हते. आणि सुटे भाग काही अडचण नाही, एक जादा पेटी सोबत पाठवू, असे आश्वासन होते. विक्रेता लबाड होता असे मी म्हणत नाही. तो गाडी विकत होता आणि गाडीच देणार होता. रस्ता देण्याचे त्याने कधी कबूलच केले नव्हते.

भाच्याने ते उत्तर दोनदा वाचले. मोबाइल बाजूला ठेवून म्हणाला, “मामा, चार मित्रांना मी शब्द देऊन बसलो असतो.” पैशांपेक्षा त्याला शब्दाची धास्ती वाटली, याचे मला समाधान वाटले. व्यापाऱ्याच्या घरात ती धास्ती अजून शिल्लक आहे.

परदेशातून काही मागवूच नये, असा या लेखाचा अर्थ कोणी घेऊ नये. आपले पूर्वज समुद्रापलीकडचा माल आणूनच मोठे झाले. यंत्रे, सुटे भाग, आपल्या धंद्याला लागणारी अवजारे अवश्य आणावीत. आयात-निर्यात संकेतांक काढणे आज सोपे झाले आहे आणि बंदर हाकेच्या अंतरावर आहे. मात्र वस्तू जितकी नियमांनी बांधलेली, तितकी तिच्या भावाची चौकशी अधिक खोल असावी. किती रुपयांना मिळते, हे विचारण्यापूर्वी ती येथे वापरता येईल का, हे विचारावे.

गुढीपाडव्याला भाच्याने येथील विक्रेत्याकडून एक विजेवरची तीनचाकी मालगाडी घेतली. एकच, आणि तीही कर्जाने. हप्ता टेम्पोच्या भाड्याहून थोडा कमी बसतो, एवढेच. दोन गाड्या फुकटात पडण्याचा आनंद काही त्याला मिळाला नाही. बहिणीची ठेव जागच्या जागी आहे.

गाडी दुकानासमोर उभी होती. नारळ फोडून झाला, कुंकवाची बोटे उमटली. बहिणीने पदराने क्रमांकाची पाटी पुसली आणि मला विचारले, “दादा, कागद सगळे बरोबर आहेत ना?”

मी म्हटले, “कागद बरोबर आहेत. आणि या वेळी मी गाडीही पाहिली आहे.”